खाजेची ट्यूब घेताना

भातलावणी सुरू झाली की आमच्या गटांच्या बैठकांमध्ये एक गोष्ट हटकून दिसते. बसल्या बसल्या बायका चुळबुळ करतात, पदराआडून कंबर खाजवतात. विचारलं तर म्हणतात, "काही नाही गं, घामोळं आहे." घामोळं चार-आठ दिवसांत जातं. पण जे महिना दोन महिने टिकतं, गोल चकत्यासारखं दिसतं, ज्याची कड लालसर, उंचावलेली, कोंडा सुटलेली असते आणि मधला भाग त्यामानाने साफ असतो, ते बहुधा गजकर्ण. कुणी त्यालाच नायटा म्हणतं.

गजकर्ण म्हणजे बुरशी. लोणच्यावर, शिळ्या भाकरीवर येते तशी. फक्त ही आपल्या कातडीच्या वरच्या थरावर जगते. तिला ऊब आणि ओल लागते. म्हणून ती जांघेत, काखेत, छातीखाली, आणि जिथे परकराची नाडी घट्ट बसते तिथे कमरेवर धरते. दिवसभर चिखलात उभं राहायचं आणि ओलं लुगडं अंगावरच वाळवायचं, यापेक्षा तिला आणखी काय हवं? रक्त बिघडलं, अंगात उष्णता झाली, कुणाची नजर लागली, यातलं काही कारण नसतं. आणि हे फक्त अस्वच्छ बाईलाच होतं असंही नाही. हे इतक्या ठासून सांगतोय, कारण लाजेपायीच पुढचा सगळा घोळ होतो.

जागा अवघड, म्हणून बाई कुणाला दाखवत नाही. सहा महिने खाजवते, मग नवऱ्याला किंवा मुलाला सांगते, "मेडिकलमधून खाजेची ट्यूब आण." तो दुकानात जाऊन तेवढंच सांगतो. दुकानदार विचारत नाही कुणाला, कुठे, किती दिवस. तो पटकन आराम पडेल अशी ट्यूब देतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, ट्यूब बाजूला पडते. पंधरा दिवसांनी गजकर्ण परत येतं, या वेळी दुप्पट जागेवर. मग पुन्हा तीच ट्यूब, कारण "तिनेच तर गुण आला होता".

त्या ट्यूबमध्ये काय असतं ते नीट समजून घेऊ. बाजारातल्या अनेक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड घातलेलं असतं. बुरशीने हल्ला केला की आपलं शरीर तिच्याशी लढतं, आणि त्या लढाईतूनच लाली आणि खाज येते. स्टिरॉइड बुरशीला मारत नाही, ते आपल्या शरीराची लढाई थांबवतं. राखणदाराला झोपवलं की आरडाओरडा थांबतो, पण चोर घरातच असतो, आणि आता त्याला अडवायलाही कुणी नसतं. बुरशी पसरते. तिची गोल कडसुद्धा पुसट होते, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेत, काखेत असं मलम बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते आणि बाळंतपणात पोटावर पडतात तसे पट्टे उमटतात. ते पट्टे मग जात नाहीत. तोंडावर लावलं तर चेहरा लाल होतो, उन्हात भाजतो, कधी लव वाढते.

स्टिरॉइड मुळात वाईट औषध आहे असं आमचं म्हणणं नाही. इसबावर डॉक्टर ते देतात आणि त्याने गुण येतो. बुरशीवर आपल्या मनाने ते चोळणं मात्र चूक आहे.

आम्ही एका बैठकीत सगळ्यांना सांगितलं, घरात असतील तेवढ्या खाजेच्या ट्यूबा घेऊन या. देव्हाऱ्यामागून, पत्र्याच्या डब्यातून, उशीखालून ट्यूबा आल्या. काहींचं टोपण हरवलेलं, एकीची मुदत कधीच उलटून गेलेली. मग कॉलेजात जाणाऱ्या मुलींना मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. निम्म्याहून जास्त ट्यूबांवर तीन-चार औषधांची नावं निघाली. तुम्हीही तुमच्या गटात हे करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

वाचताना ट्यूबच्या पुढचं मोठं नाव सोडून द्या, ते कंपनीने ठेवलेलं असतं. मागे औषधाचं खरं नाव असतं. साध्या बुरशीच्या मलमात बहुतेक वेळा एकच औषध असतं: क्लोट्रिमेझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, किंवा टर्बिनाफिन. यांच्या जोडीला क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन दिसलं, तर त्यात स्टिरॉइड आहे. एक फसगत इथे होते. क्लोट्रिमेझोल आणि क्लोबेटासोल, दोन्ही 'क्लो'ने सुरू होतात आणि 'ओल'ने संपतात. पहिलं बुरशीचं औषध, दुसरं फार जोरकस स्टिरॉइड. आमच्या एका गटातल्या आजींनी यावर छान खूण काढली: "मधे बेटा आला की समजायचं, हा बेटा आपल्या कामाचा नाही." सगळ्या स्टिरॉइडांना ही खूण लागू पडत नाही, मोमेटासोनमध्ये बेटा नाही. पण सुरुवात करायला बरी आहे.

2018 साली केंद्र सरकारने क्लोबेटासोल, मोमेटासोनसारखी स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. अशा औषधाच्या वेष्टनावर लाल उभी पट्टी असते. तरीही ती न विचारता मिळतात, हे तुम्हाला आमच्याइतकंच ठाऊक आहे. म्हणून दुकानात "खाजेची ट्यूब" मागायचीच नाही. "स्टिरॉइड नसलेलं, साधं क्लोट्रिमेझोल मलम द्या" असं नाव घेऊन मागायचं. मुलाला पाठवणार असाल तर कागदावर लिहून द्या. जनऔषधी केंद्रात हे मलम स्वस्त मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही आधी विचारा.

आता लावायचं कसं. अंघोळीनंतर जागा हलक्या हाताने टिपून पूर्ण कोरडी करा. दगडाने, घासणीने घासू नका. मलम चकत्याच्या बाहेरून आत लावत या, आणि कडेच्या पलीकडे दोन बोटं साफ दिसणाऱ्या कातडीवरही लावा. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. थर नको, पातळ लावून जिरवा. मग हात धुवा. मलमाच्या वर खोबरेल नको. लसूण, लिंबू, रॉकेल तर मुळीच नको. लसणाने कातडी भाजून फोड आलेले असतात आणि बाई म्हणते गजकर्ण चिघळलं.

किती लावायचं याचा हिशोब आपल्या गटाच्या बायकांना लगेच पटेल. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत मलमाची रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. क्लोट्रिमेझोल दिवसातून दोनदा लावायचं असतं, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. चकता दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं, म्हणजे सगळे मिळून साधारण महिनाभर. म्हणजे एका माणसाला, तेवढ्या जागेला, दोन ट्यूबा लागतात. आणि आपल्याकडे एकच ट्यूब सासू, सून आणि दोन पोरं मिळून पाऊस संपेपर्यंत पुरवतात! ती काटकसर महागात पडते, कारण अर्धवट मेलेली बुरशी परत उठते.

बरं झालं हे ओळखायचं कसं? खाज नाही, कोंडा नाही, कड हाताला लागत नाही. काळपट डाग मात्र काही महिने राहतो. तो डाग म्हणजे रोग नव्हे, त्याला मलम लागत नाही, आणि गोरं करणारं क्रीम तर नकोच.

कपड्यांची गोष्ट मलमाइतकीच मोठी आहे. आतले कपडे आपण कुठे वाळवतो? साडीच्या खाली, दाराआड, न्हाणीघरात, जिथे कुणाला दिसणार नाहीत तिथे. तिथे ऊन नाही, वारा नाही. मग दमट कपडा तसाच अंगावर चढतो. ज्या बाईला गजकर्ण आहे तिचे कपडे, टॉवेल, अंथरूण वेगळं, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात घाला. पावसात ऊन नसेल तर आतून इस्त्री फिरवा. मुलांनी हसलं तर हसू दे. शेतावरून आल्यावर चुलीपाशी बसण्याआधी ओले कपडे बदला. नाडी रोज एकाच जागी आवळू नका, जरा वरखाली बांधा.

घरात दोघांना असेल तर दोघांचा इलाज एकाच वेळी करा, नाहीतर टॉवेलासोबत रोग फिरत राहतो. गोठ्यातही बघा. वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, खरखरीत, केस गेलेले चकते असतील तर तेही गजकर्ण असू शकतं, आणि ते माणसाला लागतं. वासराला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

काही ठिकाणी मलमावर वेळ घालवू नये. मुलाच्या डोक्यात चकता पडून केस गेले, किंवा नख जाड, पिवळं होऊन कुजायला लागलं, तर मलम आतपर्यंत पोचत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. गजकर्ण अंगभर पसरलं असेल तरी तसंच. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि तान्हं बाळ यांना काहीही लावण्याआधी विचारायचं. अंगावरून पांढरं जाऊन आत खाज येत असेल तर कातडीचं मलम आत लावायचं नाही, त्याचं औषध वेगळं असतं. वारंवार होत असेल तर साखर तपासून घ्या. मधुमेहात बुरशी लवकर धरते.

साधं मलम नीट लावूनही दोन आठवड्यांत उतार नसेल, तर दुसरी ट्यूब आणू नका. आपल्या देशात गजकर्णाची एक हट्टी बुरशी पसरली आहे. 2020 साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं, त्यातलं 'इंडो' म्हणजे आपलाच देश. तिच्यावर टर्बिनाफिन पुष्कळदा चालत नाही. तिथे कातडीच्या डॉक्टरांनीच औषध ठरवायचं.

आणि एक चट्टा असा असतो जो खाजतच नाही. फिकट किंवा लालसर, तिथे घाम येत नाही, कापसाचा स्पर्श कळत नाही. त्याला गजकर्ण समजून मलम चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, लवकर सुरू केलं तर हातपाय शाबूत राहतात. आशाताईंना दाखवा, त्यांना हे तपासायचं शिकवलेलं असतं.

दवाखान्यात जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. मिश्र ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर ती थांबवल्यावर आठ-दहा दिवस खाज आणि लाली उसळते. तेव्हा घाबरून परत तीच लावली जाते, म्हणून थांबवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. जागा दाखवायला संकोच वाटला तर बाई डॉक्टर किंवा सिस्टर आहेत का ते केसपेपर काढतानाच विचारा, आणि गटातली एखादी मैत्रीण सोबत न्या.