परदेशी गिऱ्हाईक, देशी बिल
लेखमाला : जीएसटीची उजळणी – भाग ७

देशातल्या देशात सीजीएसटी-एसजीएसटी कधी आणि आयजीएसटी कधी, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता देशाबाहेर जाऊ. पुण्यात बसून जर्मन कंपनीच्या यंत्रांची माहितीपुस्तकं अनुवादित करणारी अनुवादक, नाशिकहून दुबईतल्या बंगल्याचे आराखडे पाठवणारा वास्तुरचनाकार, कोल्हापुरातून अमेरिकन दुकानाचं संकेतस्थळ सांभाळणारी दोन-तीन मुलं. या सगळ्यांना पहिलंच बिल करताना एकच गोष्ट अडते : १८ टक्के लावायचे की नाही?

'एक्स्पोर्टला जीएसटी नसतो' हे उत्तर कुणीही देतं. ते अर्धवट आहे. सेवेच्या निर्यातीवर जीएसटी आहे, फक्त त्याचा दर शून्य आहे. करमाफ सेवा देणाऱ्याला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो कर त्याच्या खर्चात मुरतो. शून्य दराच्या सेवेत मात्र क्रेडिट शाबूत राहतं आणि सरकारकडून परत मागता येतं. वापर जिथे होतो तिथल्या सरकारनं कर घ्यावा, आपला कर मालाबरोबर किंवा कामाबरोबर परदेशी धाडू नये, हे या कराचं मूळ तत्त्व. आयजीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्ये ते उतरलं आहे.

पण गिऱ्हाईक परदेशी असलं म्हणून सेवा आपोआप निर्यात ठरत नाही. कलम २(६) पाच अटी घालतं : सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, पुरवठ्याचं ठिकाण भारताबाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत, आणि देणारा-घेणारा ही एकाच संस्थेची दोन कार्यालयं नसावीत. शेवटच्या अटीमुळे परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या शाखेनं मुख्यालयासाठी केलेलं काम निर्यात ठरत नाही. त्याच कंपनीनं इथे वेगळी उपकंपनी नोंदवली असेल तर मात्र ती अडचण येत नाही. तसं स्पष्टीकरण २०२१ मध्ये परिपत्रकानं दिलं.

खरी गोम तिसऱ्या अटीत आहे. कलम १३ प्रमाणे साधारण नियम असा की सेवा घेणारा जिथे, तिथे पुरवठा. अनुवादकाचं काम त्यामुळे बाहेर गेलं. जमीन-इमारतीच्या कामात ती मालमत्ता जिथे उभी असते ते ठिकाण धरतात. दुबईचा बंगला दुबईत, तेव्हा वास्तुरचनाकारही सुटला. आता गोव्यात लग्न करायला आलेलं ब्रिटिश जोडपं घ्या. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याला पैसे पौंडांत मिळतील, बिल लंडनच्या पत्त्यावर जाईल, तरी ती सेवा त्या जोडप्यानं प्रत्यक्ष हजर राहूनच घ्यावी लागते आणि ती घेतली गेली गोव्यात. नोंदणीकृत व्यावसायिकाला इथे १८ टक्के लावावेच लागतात. बिलावर कर लावायचा की नाही हे चलनावरून ठरवणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत आहे.

नोंदणीचं थोडक्यात. देशातली आणि परदेशातली मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर केवळ परदेशी गिऱ्हाईक आहे म्हणून सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनं ही सूट मिळाली. काही विशेष राज्यांत मर्यादा कमी आहे, महाराष्ट्रात आणि गोव्यात २० लाखच.

नोंदणी आहे आणि पाचही अटी पुऱ्या होतात, तर पुढे दोन वाटा. पहिली एलयूटीची, म्हणजे हमीपत्राची. दर आर्थिक वर्षासाठी ते पोर्टलवर भरायचं, शुल्क काही नाही. मग बिलावर 'हमीपत्राखाली, कर न भरता निर्यात' असा शेरा आणि कराच्या रकान्यात शून्य. पैसे साधारण वर्षभरात, किंवा रिझर्व्ह बँकेनं मुदत वाढवली तर त्या मुदतीत यायला हवेत. नाहीतर कर व्याजासकट भरावा लागतो. हमीपत्र भरायला उशीर झाला एवढ्यावरून शून्य दर नाकारू नका, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं अधिकाऱ्यांना कळवलेलं आहे. तरी एप्रिलमध्येच भरून टाकावं, उगाच पत्रव्यवहार कशाला?

दुसरी वाट म्हणजे आयजीएसटी आपणच भरायचा आणि परत मागायचा. गिऱ्हाइकाकडून एक पैसाही जादा घ्यायचा नाही. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हिशेब करून पाहा. एका छोट्या डिझाइन स्टुडिओनं ६ लाखांचे संगणक घेतले, त्यावर १ लाख ८ हजार कर. वर्षाचं भाडं ४ लाख, त्यावर ७२ हजार. एकूण क्रेडिट १ लाख ८० हजार. सगळं काम परदेशी. एलयूटीच्या वाटेनं रिफंड मागितला तर सूत्रात भांडवली वस्तूंचं क्रेडिट धरतच नाहीत. संगणक मालमत्ता म्हणून हिशेबात धरले असतील, तर हाती येतात फक्त ७२ हजार. दुसऱ्या वाटेनं १० लाखांच्या बिलांवरचा १ लाख ८० हजार आयजीएसटी त्याच क्रेडिटमधून भरला, तर खिशातून काही न जाता तेवढी पूर्ण रक्कम परत मागता येते. ज्या वर्षी मोठी यंत्रसामग्री घेतली त्या वर्षी तरी आपल्या सीएला हा प्रश्न जरूर विचारावा. रिफंडचा अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो आणि बँकेचा परकीय चलन आल्याचा दाखला त्याला जोडावा लागतो. तो दाखला दर वेळी लगेच मागून ठेवावा.

उरला सर्वांत भांडकुदळ भाग : मध्यस्थ. परदेशी कंपनीला इथली गिऱ्हाइकं मिळवून देऊन कमिशन घेणारा कायद्याच्या भाषेत मध्यस्थ, आणि मूळ कायद्याच्या कलम १३(८)(ब) प्रमाणे त्याच्या सेवेचं ठिकाण तो स्वतः बसतो ते. म्हणजे निर्यात नाही, १८ टक्के लावा. परदेशी कंपनीची इथे नोंदणी नसली तर तिला या कराचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे ती तो द्यायला नाखूश असते आणि दलाल तो आपल्या कमिशनमधून भरतो. मुंबई उच्च न्यायालयात जून २०२१ मध्ये यावर दोन न्यायमूर्तींची मतं फुटली : न्या. उज्जल भुयान यांना तरतूद घटनाबाह्य वाटली, न्या. अभय आहुजा यांना वैध. तिसरे न्या. गिरीश कुलकर्णी यांनी एप्रिल २०२३ मध्ये ती वैध धरली, पण तिचा वापर आयजीएसटीपुरता, तिच्या आधारे सीजीएसटी आणि राज्याचा जीएसटी लावता येणार नाही, असं म्हटलं. विभागानं तर दलाल नसलेल्या बॅक ऑफिसवाल्यांनाही मध्यस्थ ठरवून नोटिसा काढल्या. सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात सांगावं लागलं की मध्यस्थीला निदान तीन पक्ष हवेत, आणि स्वतःच्या जबाबदारीवर मुख्य काम करणारा मध्यस्थ नव्हे.

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं हे उपकलम वगळण्याची शिफारस केली. म्हणजे कायदादुरुस्तीनंतर मध्यस्थालाही साधारण नियम, घेणारा जिथे तिथे पुरवठा. आठ वर्षं उशिरा, पण योग्य निर्णय. मात्र शिफारशीनं जुन्या वर्षांच्या नोटिसा मिटत नाहीत. त्या काळातली कमिशनची बिलं असतील, तर मूळ करार जपून ठेवा. कामाचं स्वरूप त्यावरूनच ठरतं, आणि 'कमिशन', 'एजंट' हे शब्द करारात सवयीनं पडले असतील तर अधिकारी पहिलं बोट तिथेच ठेवतो.

पुढच्या आठवड्यात उलटा प्रवास : परदेशी कंपनीकडून आपण सॉफ्टवेअर भाड्यानं घेतो, तेव्हा कर कोण भरतो?