युरोपीय अंतराळ धोरण आणि सुरक्षा

युरोपीय अंतराळ धोरण हे युरोपीय संघ, युरोपीय अंतराळ संस्था (ईएसए) आणि सदस्य राष्ट्रांची सरकारे मिळून राबवीत असलेले धोरण आहे. त्याचा आरंभ संशोधनाच्या हेतूने झाला. सुरक्षेचा विषय त्यात उशिरा आणि काहीशा आडवाटेने आला.

पार्श्वभूमी

१९७५ साली स्वाक्षऱ्या झालेल्या करारानुसार ईएसएचे कार्य केवळ शांततामय हेतूंसाठी आहे. त्यामुळे लष्करी उपग्रह ही दीर्घकाळ एकेका राष्ट्राची बाब राहिली. फ्रान्सने इटली व स्पेन यांच्या सहभागाने १९९५ मध्ये हेलिओस-१ए हा टेहळणी उपग्रह सोडला, तर जर्मनीने पुढे सार-लुपे ही रडार उपग्रहांची मालिका उभारली. उपग्रहचित्रांचे सामाईक विश्लेषण करणारे केंद्र माद्रिदजवळील तोर्रेहोन येथे असून २००२ पासून ते संघाच्या अखत्यारीत आहे. १ डिसेंबर २००९ रोजी अंमलात आलेल्या लिस्बन करारामुळे अंतराळ धोरण आखण्याचा स्पष्ट अधिकार संघाला मिळाला. मात्र त्यासाठी राष्ट्रीय कायद्यांचे एकसूत्रीकरण करण्याची मुभा त्यात नाही.

गॅलिलिओ

अमेरिकेची जीपीएस ही स्थाननिश्चिती प्रणाली लष्कराच्या नियंत्रणाखाली आहे. तिला पर्याय म्हणून युरोपने नागरी नियंत्रणाखालील गॅलिलिओ प्रणाली हाती घेतली. नागरी असली तरी शासकीय वापरासाठी तिच्यात एक कूटबद्ध सेवा आहे आणि खरा वाद तिच्यावरूनच झाला. या सेवेची कंप्रता अमेरिकेच्या नव्या लष्करी संकेताशी जुळत होती. युद्धप्रसंगी गॅलिलिओचा संकेत रोखायचा तर अमेरिकेला स्वतःच्या संकेतालाही बाधा पोहोचली असती. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी पत्राद्वारे हा आक्षेप युरोपीय संरक्षणमंत्र्यांना कळवला. जून २००४ च्या करारात युरोपने संकेताची रचना बदलण्याचे मान्य केले. खाजगी भागीदारीचा प्रयत्न २००७ मध्ये फसल्यावर संपूर्ण खर्च सार्वजनिक निधीतून झाला. प्रारंभिक सेवा १५ डिसेंबर २०१६ रोजी सुरू झाली.

२०२२ नंतर

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाच्या सुमारास, केए-सॅट उपग्रहजालावर सायबर हल्ला झाला. युक्रेनमधील संपर्कयंत्रणेबरोबरच जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी असलेला दूरसंपर्क तुटला. संघाने या हल्ल्यासाठी रशियाला जबाबदार धरले. त्याच काळात रशियाने फ्रेंच गयानातील कुरू तळावरून सोयुझ उड्डाणे थांबवली. आरियान-६ तयार नसल्याने २०२४ मध्ये गॅलिलिओचे चार उपग्रह अमेरिकेच्या फाल्कन-९ अग्निबाणांनी सोडावे लागले. त्यांतील गोपनीय उपकरणांच्या रक्षणासाठी अमेरिकेशी वेगळा करारही करावा लागला. परावलंबन टाळण्यासाठी उभारलेल्या प्रणालीच्या वाट्याला हे यावे, ही धोरणातील ठळक उणीव होती.

मार्च २०२३ मध्ये संघाने सुरक्षा व संरक्षणासाठीची आपली पहिली अंतराळ रणनीती प्रसिद्ध केली. सरकारांच्या सुरक्षित संपर्कासाठी आयरिस-२ या सुमारे २९० उपग्रहांच्या प्रणालीचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. तिचा अपेक्षित खर्च सुमारे १०.६ अब्ज युरो आहे.