हात न सोडणाऱ्यांचे चित्रपट

'श्वास'मधल्या परशाचे डोळे वाचत नाहीत. संदीप सावंतांच्या या चित्रपटात कर्करोग हटत नाही, देवही धावून येत नाही. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला गुपचूप दवाखान्याबाहेर नेतात आणि शहर दाखवतात. इकडे दवाखान्यात शोधाशोध. अरुण नलावडे यांचे आजोबा पोराला उपदेश करत बसत नाहीत, दिसतंय तोवर बघू देतात. संकटांशी झुंजणाऱ्या माणसांचे मराठी चित्रपट आठवताना मी हीच कसोटी लावतो: मायेनं दुखणं पळवून लावलं, की दुखण्यासकट जगायचं बळ दिलं?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या कसोटीला पुन्हा पुन्हा उतरले. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'कासव'मध्ये नैराश्य. मला सर्वांत जवळचा 'अस्तु'. मोहन आगाशे यांचे संस्कृत पंडित स्मृती हरवून एका हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको, अमृता सुभाषची कन्नड बोलणारी चन्नम्मा, त्यांना लेकरासारखं सांभाळते. तिच्या गाठीला ना पैसा, ना औषधाची माहिती. समोरचा म्हातारा भुकेला आहे, एवढं तिला कळतं.

'आनंदी गोपाळ' (२०१९) पाहताना मात्र मन दुभंगतं. पती गोपाळरावांच्या हट्टाविना आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या नसत्या, हे खरं. पण त्या हट्टातला जाच सिनेमानं आणखी धीटपणे दाखवायला हवा होता. मालिकांबद्दल थोडक्यात सांगायचं तर तिथं सोसणं फार ताणलं जातं. रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' त्यातून वेगळी काढावी लागेल.

आमच्या छत्रपती संभाजीनगरचं या परंपरेला देणं आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी इथूनच मुंबईला गेली. २०१२ साली कुलकर्णींनी 'तुकाराम' केला, लेखन अजित आणि प्रशांत दळवींचं. तुकोबांच्या चरित्रातला दुष्काळ आमच्याकडच्या प्रेक्षकाला इतिहास वाटत नाही. घरातली माणसं जातात, व्यापार बसतो, तरी तुकोबा माणसांवर रुसत नाहीत. त्यांच्या अभंगांइतकाच मला हा धीर मोठा वाटतो.

मकरंद माने यांच्या 'रिंगण'मध्येही दुष्काळ आहे. जमीन गहाण टाकलेला बाप, शशांक शेंडे, आई देवाघरी गेल्याचं पोराला सांगतो. पोरगं ते शब्दशः धरतं आणि पंढरपुरात आईला शोधत फिरतं. बाप कर्ज आणि हे खोटं, दोन्ही ओझी वाहतो, पण पोराचा हात सोडत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून पडद्यावर पाहायची आहे. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या नवरा-बायकोंनी रोजगाराच्या कामावर जोडीनं खडी फोडली, सुकडीवर पोरं जगवली, आणि पाऊस आल्यावर पुन्हा त्याच रानात पेरलं. त्यातले बरेच जण गेले. जे आहेत ते ऐंशीच्या आसपास आहेत. इथल्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींनी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं, त्यांना बोलतं करावं. हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकण्यासारखं नाही.