चांदी बाधत नाही, तिच्यासोबतचा धूर बाधतो. त्रास रात्री घरी आल्यावर दिसतो

ठाकुरवाडी : चांदी अंगावर घालायची वस्तू. वाळे, तोडे, पैंजण पिढ्यान् पिढ्या वापरून कुणाला काही झालं नाही. त्यामुळे पोरगा चांदीच्या कामाला लागला तर घरच्यांना भीती वाटत नाही. पण दागिना घालणं वेगळं आणि दागिना बनवणं वेगळं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. कर्जत लोकलने मशीद बंदरला उतरलं की झवेरी बाजार जवळच आहे. दोन्हीकडे काम तेच : आटणी, झाळ, ॲसिडमधली धुलाई आणि पॉलिश. बहुतेक वेळा जागा लहान, खिडकी एखादीच.

सगळ्यात फसवं आहे ते नायट्रिक ॲसिड, कारागिरांच्या भाषेत तेजाब. जुनी चांदी शुद्ध करताना ती यात विरघळवतात, तेव्हा पिवळट-तांबूस वाफ निघते. ती हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खालीच साचते. घशात थोडी खवखव होते, खोकला येतो, मग बरं वाटतं. माणूस काम संपवून गाडी पकडतो, वाडीवर येतो, जेवतो. त्यानंतर रात्री किंवा दुसऱ्या दिवशीसुद्धा फुप्फुसात पाणी भरायला लागतं आणि दम लागतो. घरचे म्हणतात, सर्दी झाली असेल. इथेच जीव जाऊ शकतो. अशी वाफ छातीत गेली असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्री दम लागला तर 108 ला फोन करून "ॲसिडच्या वाफेत काम केलंय" हे आधी सांगावं. डॉक्टरला ते समोरून दिसत नाही.

दुसरा धोका झाळेचा. काही झाळेत कॅडमियम असतं; सोन्यातलं केडीएम म्हणतात ते हेच. चांदी साधारण 962 अंशांना वितळते, पण कॅडमियम 767 अंशांनाच उकळतं. म्हणजे चांदी वितळण्याआधीच त्याचा धूर निघतो. काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, छातीत जडपणा येतो, अगदी फ्लूसारखा. वर्षानुवर्षे हा धूर घेतला तर किडनी खराब होते. मालकाकडे बिनकॅडमियमची झाळ मागावी, ती बाजारात मिळते.

धूर बाधू नये म्हणून गूळ खातात, दूध पितात. गूळ पोटात जातो, गॅस फुप्फुसात. तोंडाला बांधलेला रुमालही गॅस अडवत नाही. वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि धुराडं हाच खरा उपाय. मास्क घ्यायचा तर ॲसिड गॅससाठीचा, फिल्टरचा.

ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. डोळ्यात उडालं तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा, मगच दवाखान्याची वाट. आटणीचा साचा ओला असेल तर तापलेली चांदी उसळून अंगावर येते. मुलामा देण्याच्या पाण्यात सायनाइड असतं. त्यात ॲसिडचा थेंब पडला तरी विषारी गॅस निघतो, म्हणून दोन्ही एका फळीवर ठेवू नयेत. आणि पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरणं तर आजच बंद करावं.

खुद्द चांदीचाही थोडा त्रास आहेच. तिची बारीक धूळ किंवा क्षार वर्षानुवर्षे अंगात गेले तर कातडी निळसर-राखाडी होते आणि ती परत उजळत नाही. अमेरिकेत कामाच्या हवेत चांदीची मर्यादा एका घनमीटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम आहे. पॉलिश करताना धूळ ओढणारं मशीन हवं आणि जेवणाआधी हात धुवावेत. कामाचे कपडे कामावरच बदलावेत, नाहीतर ती धूळ घरात लेकरांपर्यंत येते.

ज्यांचा ईएसआयसीचा हप्ता कापला जातो, त्यांनी कार्ड घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवावं. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ते शोधत बसावं लागत नाही.