धुक्यातील उतरण आणि निर्णय-उंची

ढग जमिनीलगत आलेले असताना किंवा दाट धुक्यात धावपट्टी दिसत नाही, तेव्हा विमानाला तिच्यापर्यंत नेण्याचे काम ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम’ ही रेडिओ-यंत्रणा करते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाशी असलेला ‘लोकलायझर’ तिची मध्यरेषा दाखवतो, तर अलीकडच्या टोकाजवळ बाजूला उभारलेला ‘ग्लाइड स्लोप’ साधारण 3 अंशांचा उतार दाखवतो. दोहोंच्या लहरींवर 90 आणि 150 हर्ट्‌झचे संकेत चढवलेले असून, त्यांपैकी कोणता प्रबळ आहे यावरून विमान कोणत्या बाजूला ढळले आहे हे कॉकपिटमधील दर्शकावर उमटते. तथापि या पद्धतीचा खरा कणा म्हणजे निर्णय-उंची, अर्थात जिच्यापर्यंत येऊनही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावेच लागते अशी मर्यादा. पहिल्या श्रेणीत ती सामान्यतः 200 फुटांहून कमी नसते, दुसरीत 100 फुटांपर्यंत येते, आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उपयोगी पडणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत त्याहूनही खाली जाते. या श्रेणीत विमान सहसा ऑटोपायलटच उतरवतो. पुन्हा वर जाण्याला अपयश मानणे सर्वस्वी चुकीचे आहे, कारण त्याचा मार्ग नकाशावर आधीच आखलेला असतो आणि पर्यायी विमानतळ गाठण्याइतके इंधनही नियमानुसार विमानात असते.