किनारा दिसेनासा झाला की...

बर्डिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भिगवणचे फ्लेमिंगो, नाहीतर रानातली एखादी पायवाट. पण गळ्यात दुर्बीण अडकवून कधी भर समुद्रात गेलायत? सप्टेंबर सरताना पावसाचा जोर ओसरतो, दर्या शांत होतो. तेव्हा एक दिवस त्यासाठी राखून ठेवाच.

पहाटे मालवणच्या किनाऱ्यावर जमायचं. परवाना असलेली बोट आणि अंगात लाइफ जॅकेट, यात तडजोड नाही. सिंधुदुर्ग किल्ला मागे पडेपर्यंत सगळे सेल्फीच्या मूडमध्ये असतात. तासाभरात त्यातले निम्मे बोटीच्या कडेवरून खाली वाकलेले! म्हणून पहिला धडा: उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर नाही. दुसरा: नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नको.

मग किनारा दिसेनासा होतो, रेंज जाते आणि खरी परीक्षा सुरू होते. तास-दोन तास नुसतं पाणी. तुम्ही कंटाळून डोळे मिटता आणि नेमका तेव्हाच तांडेलकाकांचा आवाज येतो, "थंय बघा, पाण्यार नाचता!"

बुलबुलाहून लहान, काळपट, कमरेवर पांढरा पट्टा. पंख पसरून, लांब पाय खाली सोडून तो लाटांवर चक्क टपटप पावलं टाकत असतो. हा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम 40 ग्रॅम. जन्म अंटार्क्टिकात, नाहीतर तिथल्या आसपासच्या बेटांवर. तिकडचा हिवाळा टाळायला तो आपल्या अरबी समुद्रापर्यंत येतो. तुमची उलटी, कंटाळा, सगळं त्या क्षणी वसूल!

एवढ्या पाण्यात त्याला खाणं सापडतं कसं? नाकाने. समुद्रातले सूक्ष्म जीव वनस्पती-प्लवक खाऊ लागले की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. पेट्रेलसाठी तो जेवणाचा वास. गोची इथेच आहे. समुद्रात तरंगून शेवाळ चढलेल्या प्लास्टिकलाही हाच वास येतो, असं 2016 मधल्या एका संशोधनात दिसलं. या वासामागे जाणाऱ्या जातींमध्ये प्लास्टिक गिळण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळलं. म्हणजे पक्षी 'वेडा' नाही; लाखो वर्षं कामी आलेलं नाक आता त्याला फसवतंय.

नशीब असेल तर फ्लेश-फूटेड शिअरवॉटरही दिसेल, लाटांना जवळजवळ पंख घासत जाणारा. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर याच जातीच्या पिल्लांच्या पोटात प्लास्टिकचे तुकडे सापडलेत. आईबापांनीच अन्न समजून भरवलेले.

दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याची वेळ, जागा आणि संख्या टिपून ठेवा आणि घरी आल्यावर ईबर्डवर टाका. खोल समुद्रातल्या नोंदी मुळातच कमी असतात. त्यामुळे तुमची 'साधी' यादीही अभ्यासकांच्या उपयोगाची असते.

आणि हो, परतताना भूक लागणारच. वेफर्सचं पाकीट फोडाल तेव्हा ते घट्ट धरा. बोटीवर वारा जोरात असतो. हातातून सुटलेलं पाकीट पुन्हा तुमच्या हाती लागणार नाही, पण ते कुणाच्या तरी चोचीला लागेल.