विश्लेषण : इंटरनेट चालू, तरी लॉगिन बंद! डोमेन कंट्रोलर आणि डीएनएसचा सराव लॅपटॉपवर का करावा?

कार्यालयात वीज आहे, इंटरनेट सुरू आहे, तरीही कुणाचा पासवर्ड चालत नाही, सामायिक फोल्डर उघडत नाही, प्रिंटर सापडत नाही. अशा वेळी संशयाची सुई दोन गोष्टींकडे वळते : डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस. सगळ्या कार्यालयाचा कारभार या दोन्हींवर उभा असतो, म्हणूनच चालू यंत्रणेत त्यांवर प्रयोग करणे परवडत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे एकाच माणसाला संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्ही सगळेच पाहावे लागते, तिथे तर आधी लॅपटॉपवर आभासी जाळे उभारून, ते मुद्दाम मोडून आणि पुन्हा जोडून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

डोमेन कंट्रोलर म्हणजे नेमके काय?

पाच-सात संगणकांच्या कार्यालयात प्रत्येक संगणक आपापल्यापुरती खाती आणि पासवर्ड सांभाळतो. संगणक तीस-चाळीस झाले की हे जमत नाही. एक कर्मचारी बदलून गेला तर त्याचे खाते चाळीस ठिकाणी बंद करत कोण फिरणार? यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज २०००’ सर्व्हरबरोबर ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली. कोण कर्मचारी, कोणत्या गटात, त्याला काय उघडण्याची मुभा, याची ही एकच मध्यवर्ती नोंदवही. ही नोंदवही ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर.

कर्मचाऱ्याने सकाळी पासवर्ड टाकला की तो डोमेन कंट्रोलरकडून तपासला जातो आणि संगणकाला एक डिजिटल तिकीट मिळते. या पद्धतीचे नाव कर्बेरॉस. मूळ मांडणीत हे तिकीट दहा तास चालते. एसटीचा पास एकदा काढला की दर फेरीला तिकीट काढावे लागत नाही, तसेच हे. फोल्डर, प्रिंटर, लेखा प्रणाली अशा प्रत्येक ठिकाणी पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही.

मग त्यात डीएनएसचा संबंध कुठे येतो?

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात, माणसे नावाने. नावावरून पत्ता सांगण्याचे काम डीएनएस करते. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजचे इंटरनेट तिच्यावरच चालते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत डीएनएसवर आणखी एक जबाबदारी असते. ‘या डोमेनचा डोमेन कंट्रोलर कोणता आणि तो कुठे आहे?’ हे संगणक डीएनएसलाच विचारतो. त्यासाठी डोमेन कंट्रोलर आपल्या सेवांच्या खास नोंदी, म्हणजे एसआरव्ही नोंदी, डीएनएसमध्ये स्वतःच करून ठेवतो. डीएनएस म्हणजे एसटी स्थानकावरील चौकशीची खिडकी समजा. गाडी फलाटावर उभी आहे, चालक-वाहक जागेवर आहेत. पण खिडकीवरून चुकीचा फलाट सांगितला तर प्रवाशासाठी गाडी नसल्यातच जमा. डोमेन कंट्रोलर ठणठणीत असूनही ‘डोमेनशी संपर्क होत नाही’ असा संदेश येतो, तो यामुळे.

एवढे महत्त्व कशासाठी? न्हावा शेवात काय घडले होते?

याचे मोठे उदाहरण कोकण किनाऱ्यावरच आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील करविषयक सॉफ्टवेअरच्या मार्गे ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांत तो शिरला आणि तिच्या ७६ पैकी १७ टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्यात रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातील टर्मिनलही होते. जहाजे, क्रेन, कंटेनर सारे जागेवर. पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारी यंत्रणा बंद.

मर्स्ककडे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. ते एकमेकांशी सतत नोंदी जुळवत असत. त्यामुळे एक गेला तरी दुसरा आहेच, असे गृहीत धरलेले. प्रत्यक्षात ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला. तिथली इंटरनेट जोडणी इतकी संथ होती की माहिती पाठवणे शक्य नव्हते. अखेर ती साठवलेले उपकरण एका कर्मचाऱ्याने नायजेरियापर्यंत नेले आणि तिथून दुसऱ्याने विमानाने ब्रिटनला पोहोचवले. पुढे कंपनीने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले. नुकसानीचा अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलर.

रत्नागिरीकरांना पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. पण वेळेवर वीज जाण्याच्या भरवशावर कुणी नियोजन करू शकत नाही. धडा असा की, अनेक डोमेन कंट्रोलर असणे म्हणजे बॅकअप असणे नव्हे. नोंद जशी सगळीकडे पोहोचते, तशी चूकही पोहोचते.

सरावासाठी काय लागते?

१६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप पुरेसा आहे. ८ जीबीवरही एक सर्व्हर कसाबसा चालतो. आभासी यंत्रे चालवण्यासाठी ‘व्हर्च्युअलबॉक्स’ मोफत मिळते. विंडोज प्रो असेल तर त्यात ‘हायपर-व्ही’ असतेच. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस वापरता येते, मात्र पहिल्या दहा दिवसांत ती इंटरनेटवरून सक्रिय करावी लागते. पूर्णपणे मुक्त पर्याय हवा असेल तर लिनक्सवरील ‘सांबा’ आहे. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर म्हणून काम करू शकतो.

सरावाच्या जाळ्यात तीन यंत्रे असावीत. त्यांना ओळखीची नावे दिली की गोंधळ होत नाही. समजा पहिला डोमेन कंट्रोलर ‘मांडवी’, दुसरा ‘भाट्ये’ आणि कर्मचाऱ्याचा संगणक ‘मिऱ्या’. नावे अर्थातच रोमन अक्षरांत आणि १५ अक्षरांच्या आत. ‘मिऱ्या’वर विंडोजची प्रो किंवा एंटरप्राइज आवृत्ती हवी. होम आवृत्ती डोमेनमध्ये सामील होऊ शकत नाही, आणि हे पुष्कळांच्या फार उशिरा लक्षात येते.

यंत्रांचे जाळे वेगळे ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी ‘नॅट नेटवर्क’ हा पर्याय निवडावा आणि त्याची स्वतःची डीएचसीपी सेवा बंद करावी. ‘ब्रिज्ड’ पर्याय टाळावा. तो निवडला तर आभासी यंत्रे थेट कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यात उतरतात. सरावासाठी सुरू केलेली डीएचसीपी सेवा मग शेजारच्या खऱ्या संगणकांनाही पत्ते वाटू लागते आणि त्यांचे काम बंद पडते.

डोमेनचे नाव कोणते ठेवावे?

दुसऱ्याच्या मालकीचे खरे इंटरनेट नाव सरावासाठी कधीच घेऊ नये. शेवटी ‘डॉट टेस्ट’ असलेली नावे १९९९ पासून चाचणीसाठीच राखून ठेवलेली आहेत. तेव्हा ‘रत्नागिरी डॉट टेस्ट’ हे नाव निर्धोक. जुन्या पुस्तकांत ‘डॉट लोकल’ सुचवलेले आढळते. पण ते आता घरगुती जाळ्यातील उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी वापरतात, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. खऱ्या कार्यालयासाठी आपल्या नोंदणीकृत नावाचा उपविभाग घेणे उत्तम. २०२४ मध्ये ‘डॉट इंटर्नल’ हे नावही खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले आहे.

मांडणीचा क्रम कसा असावा?

पहिले काम : सर्व्हरचे नाव बदलून ‘मांडवी’ करणे. डोमेन कंट्रोलर झाल्यानंतर नाव बदलणे त्रासाचे असते. दुसरे : त्याला कायमचा पत्ता देणे, उदाहरणार्थ १०.०.२.१०. डीएनएसचा पत्ता म्हणूनही तोच द्यावा. तिसरे : ‘सर्व्हर मॅनेजर’मधून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची भूमिका बसवणे आणि सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणून बढती देणे. नवे जाळे असल्याने ‘नवीन फॉरेस्ट’ हा पर्याय निवडायचा. डीएनएस सेवा याच टप्प्यावर आपोआप बसते.

इथे दोन गोष्टी नवख्याला अडवतात. एक, ‘डीएनएस डेलिगेशन तयार करता येत नाही’ असा पिवळा इशारा. सरावाच्या जाळ्यात वरच्या पातळीवर कुणी डीएनएस नसतेच, त्यामुळे तो दुर्लक्षित करावा. दुसरी, डिरेक्टरी दुरुस्तीसाठी मागितलेला वेगळा पासवर्ड. तो घाईत काहीतरी टाकून विसरला जातो आणि नेमका संकटाच्या दिवशी लागतो. कागदावर लिहून तो कुलपात ठेवावा.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर डीएनएसमध्ये ‘फॉरवर्डर’ म्हणून बाहेरच्या डीएनएसचा पत्ता द्यावा. आपल्या डोमेनबाहेरचे नाव कुणी विचारले तर ‘मांडवी’ तो प्रश्न पुढे पाठवते. मग ‘मिऱ्या’चा डीएनएस १०.०.२.१० करून तो डोमेनमध्ये सामील करायचा. शेवटी ‘भाट्ये’ला त्याच डोमेनचा दुसरा कंट्रोलर करायचे. ‘डीसीडायग’ आणि ‘रेपअ‍ॅडमिन’ या दोन आज्ञा सारे काही नीट जुळले की नाही ते सांगतात.

सर्वांत जास्त होणारी चूक कोणती?

‘इंटरनेट चालावे म्हणून’ कर्मचाऱ्याच्या संगणकावर डीएनएस म्हणून गुगलचा ८.८.८.८ हा पत्ता टाकणे. संकेतस्थळे लगेच उघडतात, त्यामुळे सगळे ठीक वाटते. पण गुगलला ‘रत्नागिरी डॉट टेस्ट’ कुठून माहीत असणार? रत्नागिरीच्या शहर बसचा फलाट मुंबई सेंट्रलच्या खिडकीवर विचारल्यासारखे ते होते. हा पत्ता ‘पर्यायी’ म्हणून दुसऱ्या ओळीत टाकणेही घातक. तेव्हा बिघाड कधी होतो, कधी होत नाही, आणि असा अधूनमधूनचा बिघाड शोधणे सर्वांत अवघड. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर फक्त आपल्या डोमेन कंट्रोलरचेच पत्ते हवेत.

दुसरी चूक घड्याळाची. कर्बेरॉसमध्ये दोन यंत्रांच्या वेळेत मूळ मांडणीनुसार पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर तिकीट नाकारले जाऊ शकते. आभासी यंत्र थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केले की घड्याळ हमखास तपासावे. खऱ्या कार्यालयात तर वेळ जुळवणे हा कायदेशीर मुद्दाही आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणकांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे, नोंदी १८० दिवस ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले आहे.

मुद्दाम काय मोडून पाहावे?

‘मांडवी’ बंद करावे आणि ‘मिऱ्या’वर लॉगिन करून पाहावे. इथे एक फसगत होते. आधी लॉगिन केलेल्या व्यक्तीची ओळख संगणकाने साठवलेली असते, त्यामुळे दोन्ही कंट्रोलर बंद असले तरी तिला प्रवेश मिळतो आणि ‘सगळे चालते आहे’ असा समज होतो. म्हणून चाचणी त्या संगणकावर कधीच न बसलेल्या खात्याने करावी.

त्यानंतर एखादे खाते पुसावे. काही वेळात ते ‘भाट्ये’वरूनही नाहीसे झालेले दिसेल. मर्स्कचा धडा इथे डोळ्यांसमोर घडतो. मग बॅकअपमधून ते परत आणून पाहावे. हा बॅकअप जाळ्यापासून तुटलेल्या डिस्कवर हवा आणि ताजाही हवा. मूळ मांडणीत १८० दिवसांहून जुना बॅकअप उपयोगाचा राहत नाही. आभासी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’ हा बॅकअपला पर्याय नाही. एकाच कंट्रोलरला मागे नेले तर दोघांच्या नोंदी बिनसू शकतात. सरावात स्नॅपशॉट घ्यायचाच तर सगळी यंत्रे बंद करून एकदमच घ्यावा.

कोकणातील कार्यालयांनी यातून काय घ्यावे?

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तळमजल्यावरचे संगणक आणि त्याच खोलीत ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी एकत्रच बुडतात. त्यामुळे दोन डोमेन कंट्रोलर असतील तर ते एकाच इमारतीत नसावेत. रत्नागिरी आणि चिपळूण अशा दोन शाखा असतील तर प्रत्येकीत एक, आणि बॅकअपची एक प्रत तिसऱ्या जागी. डोमेन प्रशासकाचा पासवर्ड रोजच्या कामाच्या संगणकावर वापरू नये. ‘नॉटपेट्या’ संगणकाच्या स्मृतीतून असेच पासवर्ड उचलून पसरला होता.

रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, मिरजोळे औद्योगिक वसाहतीत फिनोलेक्स अकादमीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा संस्थांत शिकणाऱ्यांना या सरावासाठी महागडे सर्व्हर किंवा मुंबई-पुण्याचा वर्ग लागत नाही. एक लॅपटॉप आणि दोन-तीन शनिवार-रविवार पुरतात. नोकरीच्या मुलाखतीत ‘डोमेन कंट्रोलर बसवता येतो का?’ यापेक्षा ‘तो बंद पडला तर पहिल्या तासात काय कराल?’ हा प्रश्न मोलाचा. बसवण्याची पायरीन् पायरी पडद्यावर दिसते. परत उभा करण्याची मात्र हाताला सवयच असावी लागते.